सॅम्पल फ्लॅटच्या बाहेर

१७ मे २०२५ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेची पोकलेन आणि जेसीबी यंत्रे चिखलीत इंद्रायणीच्या काठी आली आणि ३६ बंगले पाडून गेली. हे बंगले पडके नव्हते की रातोरात उभे राहिलेले नव्हते. माणसांनी आयुष्यभराची पुंजी घालून जागा घेतली होती, वर बांधकाम केले होते, संसार थाटले होते. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०२४ मध्ये ही बांधकामे पाडण्याचा आदेश दिला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. कारण एकच होते. सगळे बंगले नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत होते.

त्या रहिवाशांचा प्रश्न मात्र बरोबर होता. आमचा व्यवहार झाला, आम्ही मालमत्ता कर भरला, तेव्हा कोणी का बोलले नाही? हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहराच्या कडेला घर घेणाऱ्या माणसाला उद्या पडू शकतो. दुय्यम निबंधक दस्ताची नोंद करतो, ती जागा राहण्याजोगी आहे की नाही हे तो तपासत नाही. मालमत्ता कराचेही तसेच. महापालिका बेकायदा बांधकामालाही कर लावते, आणि कर घेतला म्हणून बांधकाम नियमित होत नाही, असे कायद्यातच लिहिलेले आहे. वीजजोड आणि गॅसजोडही काही सिद्ध करत नाहीत. ज्या कागदांवर सामान्य माणूस विसंबतो, त्यांतला एकही परिसराबद्दल बोलत नाही.

घर घेताना लोक फ्लॅट पाहतात. हॉल किती बाय किती, किचनला ड्राय बाल्कनी आहे का, पूर्वेचे दार आहे का, टाइल्स कोणत्या. या सगळ्यांत पुढे बदल करता येतो, टाइल्स तर दहा वर्षांनी उखडून नव्याही बसवता येतात. खिडकीखालचा ओढा, शेजारचा कारखाना, वळणावरचा महामार्ग, नळाला न येणारे पाणी, यांतले काहीही मालकाच्या हातात नसते. पैसा जातो तो या न बदलणाऱ्या गोष्टींवर, आणि त्याच सर्वांत कमी पाहिल्या जातात.

पाण्यापासून सुरुवात केलेली बरी. जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही काठांवर दोन रेषा आखतो. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोचते ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी असते आणि निळ्या-लाल रेषांमधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते. या रेषा शहराच्या विकास आराखड्याच्या नकाशावर दाखवलेल्या असतात. जागेचा सर्व्हे नंबर घेऊन महापालिकेच्या बांधकाम किंवा नगररचना विभागात गेले, तर झोन दाखला आणि भाग नकाशा मिळतो. खर्च किरकोळ असतो. चिखलीच्या जागेचा भाग नकाशा व्यवहाराआधी प्रत्येकाच्या हातात असता, तर त्या ३६ घरांतली किती उभीच राहिली नसती, हा विचार मनाला लागून राहतो.

रेषा नदीच्या असतात. ओढ्यानाल्यांचे काय? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढा कात्रजपासून दत्तवाडीपर्यंत फुटून वाहिला. अरण्येश्वर, सहकारनगर, पद्मावती, दांडेकर पूल या भागांत पाणी घरांत शिरले, मोटारी एकमेकींवर चढल्या, टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. पुणे शहर आणि परिसरात त्या पावसाने वीसहून अधिक बळी घेतले. ज्या ओढ्याने हे केले तो एरवी नजरेतही भरत नाही. वर्षातले आठ-नऊ महिने त्यात सांडपाण्याची एक बारीक धार असते. पुराला नाव मुठा नदीचे असले, तरी शहरात पूर आणणारे पाणी बरेचदा अशाच एखाद्या अरुंद केलेल्या, वळवलेल्या, कल्व्हर्टमध्ये कोंडलेल्या ओढ्यातून येते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपल्याकडे घराच्या बुकिंगचे मोठे मुहूर्त गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया. दोन्ही उन्हाळ्यातले. रस्ते कोरडे, नाले कोरडे, मोकळ्या प्लॉटवर धूळ. अशा दिवसांत पाहिलेली जागा पावसाबद्दल काहीच सांगत नाही. शक्य असेल तर जुलैत, सलग दोन दिवस पाऊस झाल्यावर त्या गल्लीत एक चक्कर मारावी. ते जमत नसेल, तर खुणा वाचाव्यात. पूर येऊन गेलेल्या सोसायटीत विजेच्या मीटरची पेटी डोक्याच्याही वर नेलेली दिसते. पार्किंगच्या खांबांवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे आलेले असतात आणि वरचा रंग शाबूत असतो. जुन्या दगडी कुंपणभिंतीचा मधलाच तुकडा नव्या काँक्रीटचा असतो. तळमजल्याच्या दुकानदाराने दारात विटांचा वीतभर उंबरा बांधून घेतलेला असतो. त्या दुकानदाराला विचारावे, २०१९ ला पाणी कुठवर आले होते? तो हाताने दाखवतो.

सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत २५ जुलै २०२४ ला पहाटे असेच झाले. रात्रभराच्या पावसात खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी मुठेत सोडले गेले आणि सोसायट्यांचे तळमजले पाण्याखाली गेले. रबरी बोटींतून लोकांना बाहेर काढावे लागले. त्याच सकाळी डेक्कनजवळ पुलाची वाडी इथे विजेचा धक्का बसून तिघे जण गेले. धरणाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी घर घेणाऱ्याने विसर्गाचा आकडा आणि आपल्या गल्लीतले पाणी यांचे नाते जुन्या रहिवाशांकडून समजून घ्यावे. किती हजार क्युसेकला कोणता रस्ता बंद होतो, हे तिथल्या प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीला पाठ असते.

पाणी शिरण्याइतकाच पाणी न येण्याचा प्रश्न मोठा आहे. पुणे महापालिकेत २०२१ मध्ये २३ गावे आली. गावे आली, त्यांतल्या सगळ्या नळांना पाणी आले नाही. अनेक प्रकल्पांना परवानगी देताना बिल्डरकडून हमीपत्र घेतले गेले, की महापालिकेची सोय होईपर्यंत पाणी मी देईन. सोसायटी स्थापन होऊन बिल्डर बाहेर पडला की त्या हमीची किंमत रहिवासी मेन्टेनन्सच्या बिलात मोजतात. म्हणून जुन्या सोसायटीत रीसेलचा फ्लॅट पाहताना एक कागद मागून घ्यावा, मागच्या मार्च-एप्रिल-मे महिन्यांचे टँकरचे बिल. सेक्रेटरी बहुधा दाखवतात, कारण ते स्वतःच त्या बिलाने त्रासलेले असतात.

पाणी कुठून येते हे कळले, तरी ते कसे आहे हा प्रश्न उरतोच. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुईलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागोमाग सापडू लागले. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही नावे रोज बातम्यांत येऊ लागली. ही तिन्ही त्याच २३ गावांतली. हातापायांतले बळ जाणारा हा आजार, काही रुग्ण व्हेंटिलेटरवर गेले, काही दगावले. रुग्णांच्या नमुन्यांत दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. नांदेडच्या विहिरीचे, टँकरचे, जार भरून विकणाऱ्या खासगी आरओ प्रकल्पांचे पाणी तपासले गेले आणि असे अनेक प्रकल्प महापालिकेने बंद केले. त्या भागातल्या फ्लॅटच्या जाहिरातींत धरणाचे आणि डोंगराचे दृश्य असते. तिथले पाणी क्लोरिन घालून, गाळून येते की नुसते उपसून, हे जाहिरातीत कुठेही नसते. घर पाहायला गेल्यावर वॉचमनच्या केबिनमागे जाऊन टाकीत कोणता पाइप उतरतो ते डोळ्यांनी पाहून यावे.

आता कागद. विकास आराखड्यात पूररेषेखेरीज आणखी पुष्कळ काही असते. शाळेचे, उद्यानाचे, रस्तारुंदीचे, कचरा प्रकल्पाचे आरक्षण. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमी यांच्यासाठी राखलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्या पाडल्या गेल्या, जानेवारी २०२५ मध्ये त्यातला मोठा टप्पा पार पडला, आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. जमिनीवर कशाचे आरक्षण आहे, हे आराखड्याच्या नकाशावर छापलेले होते. घर घेणाऱ्यांना तो नकाशा कोणी दाखवला नाही, आणि तो मागायचा असतो हेही कोणी सांगितले नाही.

महारेरा आल्यापासून, म्हणजे मे २०१७ पासून, लोकांना एक धीर आला आहे. तो रास्त आहे. पण महारेराचा नंबर प्रकल्पाचा असतो, परिसराचा नाही. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठ घरांपर्यंतच्या प्रकल्पाला नोंदणी लागतच नाही. आणि नंबर असला, तरी तो खऱ्या कागदांवर मिळालेला आहे का, हे पाहावे लागते. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या बाबतीत महापालिकेच्या बांधकाम परवानग्याच बनावट होत्या, आणि त्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे नंबर घेतले गेले होते. लोकांनी नंबर पाहून घरे घेतली, बँकांनी नंबर पाहून कर्जे दिली. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. म्हणून बांधकाम परवानगीचा जावक क्रमांक घेऊन ती देणाऱ्या महापालिकेतच जाऊन विचारावे, हा परवाना तुमचाच ना? भोगवटा प्रमाणपत्राबद्दलही तेच.

काही परिसरांत धोका नकाशावर असतो, पण नगररचनेच्या नव्हे. देहूरोडच्या लष्करी दारूगोळा कोठाराभोवती २००० यार्डांचा पट्टा आहे, त्याला सगळे रेड झोन म्हणतात. तळवडे, रुपीनगर, यमुनानगरचा काही भाग त्यात येतो. तिथे बांधकामाला मनाई आहे आणि बँका कर्ज द्यायला सहसा तयार नसतात. तरी घरे आहेत आणि विकलीही जातात. शेजारच्या गल्लीपेक्षा भाव एकदम खाली आला, की घेणाऱ्याला आनंद होतो. त्या क्षणी थांबून विचारायला हवे, इथे कोणत्या बँकेचे कर्ज मिळते? एकही सरकारी बँक कर्ज देत नसेल, तर स्वस्ताईचे कारण कळले.

डोंबिवलीत धोका वाऱ्यावर येतो. तिथली एमआयडीसी साठच्या दशकातली. तेव्हा भोवती शेते होती. नंतर शहर कारखान्यांच्या कुंपणाला येऊन भिडले. मे २०१६ मध्ये एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि मे २०२४ मध्ये दुसऱ्या एका कारखान्यात पुन्हा स्फोट झाला. दोन्ही वेळा दहा किंवा त्याहून अधिक माणसे गेली आणि लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. २०२० मध्ये तिथला एक रस्ताच गुलाबी झाला होता, त्याचे फोटो राज्यभर गेले. कारखाने आधीचे की घरे आधीची, हा वाद तिथे चालूच राहील. घर घेणाऱ्याला मात्र कारखाने स्थलांतरित होणार या आश्वासनावर भाव देऊन चालणार नाही. तो भाव आजच्या हवेचा असला पाहिजे.

सुरक्षित म्हटले की बहुतेकांच्या मनात चोरी, छेडछाड, मारामारी येते. त्याची आकडेवारी आपल्याकडे वस्तीनिहाय मिळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग राज्यांचे, जिल्ह्यांचे आणि महानगरांचे आकडे देतो, त्यातून एखाद्या गल्लीबद्दल काही कळत नाही. पण एक सोय आहे, आणि ती फारच थोडे लोक वापरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनंतर पोलिसांना प्रथम खबरी अहवाल, म्हणजे एफआयआर, संकेतस्थळावर टाकावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारखा निवडल्या की त्या ठाण्याचे अहवाल वाचता येतात. लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणे त्यात नसतात. तरीही तीन-चार महिन्यांचे अहवाल चाळले, की घरफोड्या दुपारच्या आहेत की रात्रीच्या, सोनसाखळ्या कोणत्या रस्त्यावर ओढल्या जातात, पार्किंगमधून दुचाकी किती जातात, याचा अंदाज येतो. जिथे नोंदी जास्त ते ठाणे वाईट, असे मात्र समजू नये. काही ठाण्यांत तक्रार घेतात, काही ठाण्यांत माणसाला परत पाठवतात. नोंदी अगदीच कमी असतील, तर तिथल्या रहिवाशांना विचारावे, ठाण्यात गेलात तेव्हा तक्रार लिहून घेतली का?

बाकीचे पायांनी कळते. रात्री दहाच्या पुढे, बस किंवा मेट्रो जिथे सोडते तिथून इमारतीपर्यंत चालत जावे. घरातल्या बाईने किंवा मुलीने चालत जावे, कारण हा रस्ता रोज तिला तुडवायचा आहे. दिवे किती लागलेत, औषधांचे दुकान उघडे आहे का, अंडाभुर्जीची गाडी, इस्त्रीवाला, दूध डेअरी, कोणी जागे आहे का. अमेरिकेतल्या जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये आपल्या पुस्तकात मांडले, की रस्ता सुरक्षित ठेवतात ती त्यावर खिळलेली सामान्य माणसांची नजर. आपल्या जुन्या पेठांमध्ये, चाळींमध्ये ही नजर फुकट होती. नव्या टाउनशिपमध्ये उंच भिंत, बूम बॅरिअर, शंभर कॅमेरे असतात आणि गेटबाहेरचा अर्धा किलोमीटर पत्र्याच्या कुंपणांमधून, ओसाड जातो. कॅमेरा आतल्या माणसाला सांभाळतो. घरी येणारी मुलगी आधी बाहेरच्या अर्ध्या किलोमीटरवरून येते.

आणि चोरापेक्षा मोठी भीती रस्त्याची आहे. पुण्याच्या पश्चिम वळणमार्गावर, नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंत लांब उतार लागतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने तिथे एकामागून एक वाहनांना धडका दिल्या, ४८ वाहनांचे नुकसान झाले. त्याआधी आणि त्यानंतरही तिथे माणसे मेली आहेत. या उताराच्या दोन्ही अंगांना नऱ्हे, आंबेगाव, वडगाव अशी दाट वस्ती आहे, शाळा आणि महाविद्यालये आहेत. महामार्गापासून दोन मिनिटांवर, असे जाहिरातीत म्हणतात, ते खरेच असते. मुलाला शाळेत जायला तो महामार्ग कुठून ओलांडावा लागतो, भुयारी मार्ग आहे का, सेवारस्ता सलग आहे का, हे सकाळी साडेसातला जाऊन पाहावे.

वस्तीबद्दल आणखी एक गोष्ट बोलायला हवी, कारण ती प्रत्येक एजंटच्या तोंडी असते. "इथे सगळी चांगली माणसं आहेत." पुढे दोन प्रश्न विचारले की कळते, चांगली म्हणजे अमुक जातीची, अमुक धर्माची, मांस न खाणारी. मुंबई-पुण्यात आडनाव ऐकून घर नाकारल्याचे अनुभव असंख्य लोकांना आहेत, आणि ते नाकारणे सुरक्षिततेच्या नावाखाली चालते. शेजारी काय खातो आणि कोणत्या देवाला हात जोडतो, याने घरफोडी थांबत नाही की पाणी ओसरत नाही. उलट या शब्दावर जास्तीचे पैसे मोजणारा एका पूर्वग्रहाची किंमत मोजतो आणि त्याच सोसायटीला फायर एनओसी आहे का, हे विचारायचे विसरतो. एजंटला सरळ सांगावे, माणसांचे सोडा, लिफ्टच्या देखभालीचा करार आणि अग्निशमन यंत्रणेचा तपासणी दाखला दाखवा.

किंमत ठरवताना बोलीभाव, जाहिरातीतला भाव आणि शेजाऱ्याने सांगितलेला भाव हे तिन्ही बाजूला ठेवता येतात. राज्याचा नोंदणी व मुद्रांक विभाग दरवर्षी वार्षिक मूल्यदर तक्ते काढतो. त्यालाच रेडी रेकनर म्हणतात. तो दर मुद्रांक शुल्कासाठी असतो, बाजार त्याच्या वर किंवा खाली असू शकतो. खरी माहिती सूची क्रमांक दोनमध्ये असते. झालेल्या प्रत्येक नोंदणीकृत व्यवहाराची ही एका पानाची नोंद. त्यात दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, तारीख, सगळे असते. विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव आणि सर्व्हे नंबर किंवा मिळकत क्रमांक टाकून ती पाहता येते. ज्या इमारतीत घर पाहायचे, तिथले मागच्या दोन-तीन वर्षांचे व्यवहार काढले, की भाव वाढतोय, गोठलाय की उतरतोय, हे कागदावर दिसते. काही व्यवहारांत रोखीचा भाग दडलेला असतो हे खरे. तरी पाच-सहा नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या की कल दिसतो, आणि वाटाघाटीच्या टेबलावर त्या पानांना वजन असते.

दुसरे माप भाड्याचे. भाडेकरूला उद्याच्या मेट्रोशी देणेघेणे नसते, तो आजच्या बसचे, आजच्या पाण्याचे, आजच्या रस्त्याचे पैसे देतो. म्हणून दोन परिसरांत विक्रीचा भाव सारखा आणि भाड्यात मोठा फरक असेल, तर स्वस्त भाड्याच्या परिसरात भावाचा बराच हिस्सा आश्वासनाचा आहे. पुरंदरच्या विमानतळाची घोषणा २०१६ मधली. तेव्हापासून सासवडच्या भोवती विमानतळ येतोय या दोन शब्दांवर प्लॉट विकले जात आहेत. तिथून अजून एकही विमान उडालेले नाही, ज्यांच्या जमिनी जाणार त्या गावांनी विरोध केला, आणि ज्यांनी हप्ते काढून गुंठा-दोन गुंठे घेतले त्यांचे हप्ते मात्र दरमहा चालू आहेत. अशा गुंठ्यांच्या व्यवहारात तुकडेबंदी कायद्याचा, सातबारावर सामायिक नाव लागण्याचा आणि बिगरशेती परवानगी नसण्याचा गुंता वेगळाच असतो. तिथे वकिलाचे शुल्क वाचवू नये.

हे सगळे तपासायला वेळ लागतो, आणि नेमका तोच मिळू नये अशी घाई केली जाते. दुसरी पार्टी उद्या येतेय, आजच टोकन द्या. कल्याण-डोंबिवलीतले बनावट परवाने उघडकीला आले ते एका वास्तुविशारदाच्या माहिती अधिकाराच्या पाठपुराव्यातून. तो अधिकार प्रत्येक ग्राहकाला आहे. सर्व्हे नंबर, इमारतीचे नाव आणि परवानगीचा क्रमांक लिहून महापालिकेच्या नगररचना विभागात अर्ज द्यायचा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. टोकन द्यायचेच असेल, तर पावतीवर एक ओळ लिहून घ्यावी, की या ३० दिवसांत कागदांत खोट निघाली तर रक्कम पूर्ण परत मिळेल. प्रामाणिक विकणाऱ्याला ही ओळ लिहून द्यायला अडचण येत नाही. जो ती लिहायला नकार देतो, त्याच्याकडच्या फ्लॅटचा विषय तिथेच सोडून पुढची जागा पाहायला निघावे.